वैद्यक-संशोधन संयुक्त पदवी-अभ्यासक्रम

वैद्यक-संशोधन संयुक्त पदवी-अभ्यासक्रम : रुग्णचिकित्सेचे व्यावसायिक शिक्षण आणि विज्ञानसंशोधनाची पीएच्.डी. ही पदवी, या दोहोंची एकाच आखीव क्रमात सांगड घालणारा उच्च शिक्षणाचा अभ्यासक्रम. रोग्याच्या खाटेजवळ उद्‌भवलेला प्रश्न प्रयोगशाळेत नेता यावा आणि तेथे मिळालेले उत्तर पुन्हा रोग्यापर्यंत आणता यावे, अशी दुहेरी क्षमता असलेला वैद्य-संशोधक घडविणे, हा या अभ्यासक्रमाचा हेतू होय. त्याच्या प्रवेशाच्या अटीही दुहेरी असतात. एकीकडे स्पर्धापरीक्षेतील गुणानुक्रम पाहिला जातो. दुसरीकडे उमेदवाराने प्रत्यक्ष संशोधन केले आहे काय, हे तपासले जाते. यांपैकी पहिली अट विद्यार्थी पुस्तकांच्या व शिकवणीच्या बळावर पुरी करू शकतो. दुसरीसाठी मार्गदर्शक, प्रयोगशाळा आणि रुग्णालयातील व्यवस्थित नोंदी यांचा सहवास लागतो. त्यामुळे विद्यार्थी कोणत्या जिल्ह्यात शिकतो, या गोष्टीला या अभ्यासक्रमाच्या बाबतीत विशेष महत्त्व येते. प्रस्तुत नोंदीत प्रवेशाच्या अटींचे स्वरूप आणि मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या संदर्भात त्यांचा अर्थ यांचा विचार केला आहे.

संज्ञेचे दोन अर्थ : ‘एम्.डी.-पीएच्.डी.’ हे या अभ्यासक्रमाचे रूढ नाव सर्व देशांत एकाच अर्थाने वापरले जात नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एम्.डी. ही वैद्यकाची पहिली व्यावसायिक पदवी असून ती चार वर्षांच्या महाविद्यालयीन पदवीनंतर मिळते. भारतात ती एम्.बी.बी.एस्. या पदवीनंतरची, तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. म्हणून अमेरिकेत संयुक्त अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारा विद्यार्थी अद्याप वैद्य झालेला नसतो, तर भारतात तो नोंदणीकृत वैद्य असतो. भारतीय एम्.डी. पदवीसाठीही संशोधनपर प्रबंध सादर करावा लागतो. तथापि तो विशेषज्ञ होण्याच्या शिक्षणाचा एक भाग असतो. पीएच्.डी.च्या प्रबंधाकडून ज्ञानात स्वतंत्र भर पडावी अशी अपेक्षा असते आणि त्यासाठी किमान तीन वर्षे द्यावी लागतात. माहितीपत्रके वाचताना हा भेद ध्यानात न घेतल्यास विद्यार्थ्यांची व पालकांची फसगत होण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी : चिकित्सा व संशोधन यांचा एका व्यक्तीच्या ठायी झालेला संगम संयुक्त पदवीच्या कितीतरी आधीचा आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. तेथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड यांनी वैद्यकी करीत असतानाच कुष्ठरोगावरील औषधाचा शोध आणि प्राचीन शिलालेखांचे वाचन ही दोन्ही कामे केली. रोनल्ड रॉस हे भारतीय वैद्यक सेवेतील अधिकारी होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे, म्हणजे परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होता त्याच संस्थानात, त्यांना डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाच्या परजीवींचे अस्तित्व आढळले. या संशोधनासाठी त्यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विसाव्या शतकात वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी मुंबईत विकृतिविज्ञानाच्या अध्यापनाबरोबरच कर्करोग व कुष्ठरोग यांवरील संशोधनाचा पाया घातला.

अलीकडच्या काळातील दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील आहेत. जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेले हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे प्राझोसिन या औषधाचा त्यांनी केलेला उपयोग सर्वत्र मान्य झाला आणि अशा दंशाने होणारे मृत्यू पुष्कळच घटले. अभय बंग व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात नवजात बालकांच्या घरच्या घरी करावयाच्या शुश्रूषेची पद्धती विकसित केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात आले. यांपैकी कोणीही संयुक्त अभ्यासक्रमातून आलेले नव्हते. संशोधक वैद्य होण्यासाठी ही पदवी अनिवार्य नाही, हे या उदाहरणांवरून दिसून येते. मात्र जे काम या व्यक्तींनी स्वतःच्या चिकाटीने केले, त्याचे रीतसर शिक्षण अनेकांना देता यावे यासाठी अशा अभ्यासक्रमाची आवश्यकता भासते.

परदेशांतील अटी : अमेरिकेतील पहिला संयुक्त अभ्यासक्रम १९५६ मध्ये क्लीव्हलंड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात सुरू झाला. १९६४ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अशा अभ्यासक्रमांना अनुदान देण्यास प्रारंभ केला. आरंभी तीन शिक्षणसंस्थांना मिळणारे हे अनुदान पुढे पन्नासांहून अधिक संस्थांपर्यंत पोहोचले. अभ्यासक्रमाचा क्रम साधारणतः असा असतो : प्रथम दोन वर्षे वैद्यकाचे पायाभूत विषय, नंतर तीन ते पाच वर्षे पीएच्.डी.चे संशोधन आणि अखेरीस रुग्णालयातील शिक्षणाची दोन वर्षे. एकूण कालावधी सात ते नऊ वर्षांचा होतो. अनुदानित अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क माफ होऊन निर्वाहवेतनही मिळते.

प्रवेशासाठी चार वर्षांची पदवी, तीत जीवविज्ञान, सामान्य व कार्बनी रसायनशास्त्र आणि भौतिकी या विषयांचा प्रयोगांसह अभ्यास आणि वैद्यकीय महाविद्यालय प्रवेश चाचणी (एम्‌कॅट) या अटी असतात. चाचणीचे गुण ४७२ ते ५२८ या श्रेणीत दिले जातात. याखेरीज उमेदवाराला दोन स्वतंत्र निबंध लिहावे लागतात. दोन्ही पदव्या एकत्र का हव्यात, हे एका निबंधात मांडावयाचे असते. आतापर्यंत केलेल्या संशोधनाचा तपशील दुसऱ्यात द्यावयाचा असतो. ज्या संशोधकांच्या हाताखाली काम केले, त्यांची शिफारसपत्रे जोडावी लागतात. मुलाखतीत उमेदवाराच्या संशोधनाविषयीच अधिक विचारणा होते : प्रश्न कोणता होता, ही पद्धती का निवडली, निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध आला तेव्हा काय केले. प्रयोगशाळेत काही आठवडे केवळ हजेरी लावलेल्या उमेदवाराला या प्रश्नांना तोंड देता येत नाही.

सरकारी अनुदानातून मिळणारे साहाय्य अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरते असते, आणि बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये उमेदवाराने काही काळ तेथील महाविद्यालयात शिक्षण घेतलेले असावे अशी अपेक्षा बाळगतात. त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना हा मार्ग इतर नागरिकांप्रमाणेच खुला असतो; भारतातून एम्.बी.बी.एस्. होऊन गेलेल्या वैद्याला मात्र बहुधा केवळ पीएच्.डी.साठी किंवा परवाना-परीक्षा देऊन रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी अर्ज करावा लागतो. ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठाने १९८९ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. तेथे वैद्यकाला आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांतून निवड करून शिक्षणाच्या मध्यावर संशोधनाची सुमारे तीन वर्षे घातली जातात.

भारतातील अटी : भारतात संयुक्त अभ्यासक्रम मोजक्याच संस्थांत आढळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निवडक वैद्यकीय विद्यापीठांत एम्.डी.-पीएच्.डी. योजना राबविली, लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ हे त्यांपैकी एक होय. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये ८०० खाटांच्या रुग्णालयासह पदव्युत्तर वैद्यकीय विद्यालय उभारण्याचे जाहीर केले असून संयुक्त पदवी हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट ठरविले आहे. सर्वसाधारण विद्यार्थ्याला मात्र पुढील टप्पे एकापाठोपाठ एक ओलांडावे लागतात.

(१) एम्.बी.बी.एस्. : प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. बारावीला भौतिकी, रसायनशास्त्र, जीवविज्ञान व इंग्रजी हे विषय असावेत आणि विज्ञानविषयांत एकत्रित ५० टक्के (राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के) गुण असावेत. त्यानंतर राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा (नीट) द्यावी लागते. ही परीक्षा ७२० गुणांची असून ती मराठीतूनही देता येते. पात्रतेसाठी सर्वसाधारण प्रवर्गाला ५० वा शततमक आवश्यक असतो. म्हणजे परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्म्या उमेदवारांइतके किंवा त्यांहून अधिक गुण असावे लागतात. प्रत्यक्ष प्रवेश मिळण्यास याहून पुष्कळ वरचा गुणानुक्रम लागतो. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय वाट्यातून व ८५ टक्के जागा राज्यातून भरल्या जातात. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता सक्तीची असते. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या पदवीधरांवर शासकीय आरोग्यसेवेत एक वर्ष काम करण्याचे बंधनही असते.

(२) एम्.डी. : यासाठी पदव्युत्तर नीट परीक्षा असते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व तत्सम राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी २०२१ च्या सत्रापासून वेगळी सामायिक परीक्षा घेतली जाते. दोन्ही परीक्षांत निवड गुणानुक्रमाने होते. उमेदवाराच्या पूर्वीच्या संशोधनाला त्यांत गुण नसतात.

(३) पीएच्.डी. : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी किंवा ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी असलेला उमेदवार पात्र ठरतो; राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत असते. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मा भाग संशोधनपद्धतीवर व निम्मा विषयावर असतो. लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के महत्त्व दिले जाते. कालावधी किमान तीन व सर्वसाधारणतः कमाल सहा वर्षांचा असतो. एम्.डी. न करता संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्या वैद्यालाही मार्ग खुला आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेस ५५ टक्के गुण असलेला एम्.बी.बी.एस्. पदवीधर बसू शकतो. वैद्यकीय तंत्रविज्ञानाची आवड असलेल्यांसाठी खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत एम्.बी.बी.एस्. पदवीधरांकरिता तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

एम्.डी. व पीएच्.डी. यांची नावनोंदणी विद्यार्थ्याने आपल्या मर्जीने एकाच वेळी करावी, असे करता येत नाही. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास आयोगाने २०२२ मध्ये अनुमती दिली, तथापि पीएच्.डी. तीतून वगळलेली आहे. म्हणून जेथे संस्थेनेच संयुक्त अभ्यासक्रम आखलेला असेल, तेथेच तो एकत्र करता येतो. अन्यत्र पदव्या क्रमाने घ्याव्या लागतात. क्रमाने घेतल्यास साडेपाच, तीन व किमान तीन अशी साडेअकरा वर्षे लागतात आणि सक्तीची सेवा व परीक्षांतील अंतर धरल्यास विद्यार्थी तिशी ओलांडतो. याच वयात त्याच्या बरोबरीचे वैद्य आपल्या व्यवसायात स्थिरावलेले असतात. ज्या कुटुंबाने शेती गहाण ठेवून किंवा कर्ज काढून मुलाला वा मुलीला शिकविले, त्या कुटुंबाच्या दृष्टीने हा काळ हीच सर्वांत अवघड अट ठरते, जरी ती कोणत्याही विनियमात लिहिलेली नसली तरी.

परभणी जिल्ह्यातील स्थिती : परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील विद्यार्थ्याला वैद्यकीय शिक्षणासाठी हैदराबादला जावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे अंबेजोगाई, नांदेड (१९८८) व लातूर येथे शासकीय महाविद्यालये झाली. परभणीला मात्र २०२३ पर्यंत वाट पहावी लागली. त्या वर्षी १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे सुरू झाले. हे महाविद्यालय नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला (स्थापना १९९८) संलग्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक होती, हे लक्षात घेता ही गैरसोय किती मोठी होती याची कल्पना येते.

राज्यातील वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना व ३० टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांना देण्याची पद्धत दीर्घकाळ होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने येथील विद्यार्थ्यांना तुलनेने अधिक गुण असूनही प्रवेश दुरावत असे, अशी तक्रार सातत्याने होत होती. सप्टेंबर २०२० मध्ये ही पद्धत रद्द करण्यात आली व आरक्षणाच्या नियमांना अधीन राहून राज्यात एकच गुणानुक्रम लागू झाला. परभणीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पहिल्या अटीतील एक अडसर यामुळे दूर झाला.

दुसऱ्या अटीच्या, म्हणजे संशोधनानुभवाच्या, बाबतीत परभणीची स्थिती काहीशी वेगळी आहे. वैद्यकीय महाविद्यालय नवे असले, तरी संशोधनाची परंपरा शहरात जुनी आहे. मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) १८ मे १९७२ रोजी येथे स्थापन झाले. त्याच वर्षी सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय सध्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. राज्यात पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेशही नीट परीक्षेच्याच गुणांवर होतात; त्यामुळे एकच परीक्षा दिलेले विद्यार्थी शहरातील दोन महाविद्यालयांत मनुष्याचे व जनावरांचे वैद्यक शिकतात. अलर्क रोग (रेबीज), ब्रूसेलोसिस यांसारखे जनावरांपासून माणसाला होणारे रोग, कपाशीवर फवारावयाच्या कीटकनाशकांची विषबाधा, सर्पदंश व विंचूदंश, उन्हाळ्यातील उष्माघात हे विषय शेतीप्रधान जिल्ह्यात सहज समोर येतात. मनुष्यवैद्यक, पशुवैद्यक व कृषिविज्ञान या तिन्ही शाखांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन अभ्यासावे असे हे विषय असून अशी सोय एकाच गावी फार थोड्या ठिकाणी उपलब्ध असते. [⟶ पशुवैद्यक, विषविज्ञान].

संशोधनानुभव मिळविण्याचा मार्ग : एम्.बी.बी.एस्.च्या विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली ओळख करून देणारी योजना म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अल्पकालीन विद्यार्थिवृत्तीचा उल्लेख करावा लागेल. ही योजना १९७९ पासून चालू आहे. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव तयार करावयाचा असतो. तो परीक्षकांनी मान्य केल्यास दोन महिन्यांत काम पूर्ण करून अहवाल द्यावा लागतो, आणि अहवाल स्वीकारला गेल्यावरच विद्यार्थिवृत्ती व प्रमाणपत्र मिळते. योजनेला गुणानुक्रमाची अट नाही. प्रश्न नेमका आहे काय व तो दोन महिन्यांत सोडविता येण्याजोगा आहे काय, हे पाहिले जाते. मानवी रुग्णांचा संबंध असल्यास महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मान्यता लागते.

या अटींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मार्गदर्शक आपल्याच महाविद्यालयातील असावा लागत असल्याने, ज्या महाविद्यालयात अध्यापकांच्या जागा भरलेल्या नाहीत किंवा नीतिसमिती नियमित भरत नाही, तेथील हुशार विद्यार्थीही या संधीला मुकतो. पुढे एखाद्या संयुक्त अभ्यासक्रमाच्या मुलाखतीत त्याला संशोधनाविषयी विचारले जाते, तेव्हा त्याच्या पदरी सांगण्यासारखे काही नसते. आणि ही उणीव त्याच्या बुद्धीची समजली जाते, वास्तविक ती त्याच्या महाविद्यालयाची असते. याउलट, जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील एका वर्षाच्या नोंदी नीट वर्गीकृत करून केलेला साधा अभ्यासही, तो प्रामाणिक असल्यास, महागड्या उपकरणांच्या सान्निध्यात घालविलेल्या काळापेक्षा अधिक मोलाचा ठरू शकतो. महाडच्या विंचूदंशाचे संशोधन घड्याळ, रक्तदाबमापक, हृद्‌विद्युत् आलेख आणि रात्रभर रुग्णाजवळ बसण्याची तयारी एवढ्याच साधनांच्या बळावर उभे राहिले होते.

मूल्यमापन : भारतातील व्यवस्थेत गुणानुक्रमाची कसोटी अठराव्या वर्षी व पुन्हा पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी लागते, तर जिज्ञासेची कसोटी प्रथमच पीएच्.डी.च्या मुलाखतीत लागते. तोपर्यंत अनेक पात्र विद्यार्थी अन्य मार्गांनी निघून गेलेले असतात. संयुक्त अभ्यासक्रमांची संख्या वाढविणे हा यावरील एक उपाय होय. तथापि ते मोठ्या शहरांतील राष्ट्रीय संस्थांतच निघाले, तर प्रवेशाच्या दुसऱ्या अटीचा लाभ त्याच शहरांतील विद्यार्थ्यांना अधिक मिळेल. परभणीसारख्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेने शंभर जागा निर्माण झाल्या. त्यांतून वैद्य-संशोधक निर्माण व्हावयाचे असतील, तर अध्यापकांची पूर्ण संख्या, नोंदींची शिस्त आणि शेजारच्या विद्यापीठांशी नित्याचा संबंध या गोष्टी पहिल्या काही तुकड्यांच्या काळातच घडून येणे आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या प्रारंभीच्या वर्षांत पडलेल्या सवयी पुढे दीर्घकाळ टिकतात, असा जुन्या वैद्यकीय संस्थांचा अनुभव आहे. [⟶ वैद्यकीय शिक्षण].